डाळिंबाच्या बागेभोवती बीम सेन्सर : सांगोल्याच्या तीन एकरांतल्या नोंदी

6 ऑक्टोबर 2024

मागच्या वर्षी मृग बहाराचा (पावसाळ्याच्या सुरुवातीला धरलेल्या फुलोऱ्याचा) माल तोडायला आठ दिवस राहिले होते, तेव्हा एका रात्रीत ओढ्याकडच्या दोन ओळी मोकळ्या झाल्या. सकाळी झाडाखाली एकही फळ पडलेलं नव्हतं. देठ कात्रीनं कापलेले होते, अगदी आपण तोडतो तसे. त्यानंतर महिनाभर आबा बागेत खाटेवर झोपले. त्यांचं वय 67 आहे, गुडघे दुखतात. यंदा त्यांना बाहेर झोपवायचं नाही, एवढ्यासाठी हे काम काढलंय.

कॅमेऱ्याचा विचार केला होता. पण रात्रभर स्क्रीनकडे बघायला माणूस लागतो, आणि झाडांच्या सावल्यांनी मोबाईलवर सारखे मेसेज येतात हे शेजारच्या वस्तीवर पाहिलंय. म्हणून बीम सेन्सर. एका खांबावर ट्रान्समीटर, समोरच्या खांबावर रिसिव्हर, मधे डोळ्यांना न दिसणारे दोन किरण. दोन्ही एकदम तुटले तरच सायरन.

आज टेप लावून बांध मोजले. उत्तर 118 मीटर, दक्षिण 121, पूर्व 102, पश्चिम 98. पुढं कोपरे आमच्या नावांनीच लिहितो: विहीर (ईशान्य), पंपाची खोली (आग्नेय), चिंच (नैऋत्य), ओढा (वायव्य). पॅनल (सेन्सरच्या तारा जिथं येतात आणि जो सायरन वाजवतो तो डबा), बॅटरी आणि चार्जर पंपाच्या खोलीत.

लांब बाजूंना 150 मीटरच्या दोन जोड्या, प्रत्येकी 4,200 रुपये. आखूड बाजूंना 100 मीटरच्या दोन, प्रत्येकी 3,100. पूर्वेची बाजू 102 भरते, म्हणून विहिरीकडचा खांब चार मीटर आत घेणार. खोक्यावरच्या आकड्याच्या पलीकडं जाऊन बसवायचं नाही, हे आधीच ठरवलंय. धुकं, धूळ, दव याला थोडं उरायला पाहिजे.

9 ऑक्टोबर

पहिली चूक पाइपात झाली. दीड इंची जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी) पाइपाच्या तीन लांब्या आणल्या, वेल्डरकडून साडेसहा फुटांचे आठ तुकडे करून घेतले, घरी आल्यावर सेन्सरचा क्लॅम्प लावून पाहिला तर बसेना. दीड इंची पाइपाचा बाहेरचा व्यास 48 मिलिमीटर येतो. क्लॅम्प 45 पर्यंतचाच. सव्वा इंची हवा होता, त्याचा बाहेरून 42 भरतो. पाइप आतल्या मापावर विकतात आणि क्लॅम्प बाहेरून बसतो, हे लक्षात घेतलं नाही. कापलेला माल दुकानदार परत घेत नाही. 5,500 रुपये गेले. तुकडे गोठ्याच्या छपराला लावू, पण खर्च या कामावरच धरलाय. सव्वा इंचीच्या तीन लांब्या 4,650 ला पडल्या.

13 ऑक्टोबर

काल दसरा. सकाळी पहारीची आणि मल्टीमीटरची पूजा करून दुपारी खड्डे घेतले. दीड फूट खोल, खाली दगड, वर माती ठोकून. कोपऱ्यात एकाच खांबावर दोन सेन्सर एकाच उंचीवर बसत नाहीत, म्हणून प्रत्येक कोपऱ्यात फुटाच्या अंतरावर दोन खांब. ओळंबा लावून आठही सरळ केले. आज सेन्सर चढवले. जमिनीपासून 80 सेंटिमीटर. खाली काटेरी तारेचे पदर आहेत, त्यामुळं सरपटत यायला वाव कमी, आणि कुत्रं खालून निघून जावं.

18 ऑक्टोबर

परवा रात्री जोराचा पाऊस झाला. आज जाऊन बघतो तर ओढ्याकडचे दोन्ही खांब कललेले. आमची बाकी जमीन मुरमाड आहे, पण ओढ्याच्या कडेला काळी माती. भिजली की फुगते, वाळली की भेगाळते, त्यात दीड फुटाचा खांब धरून राहत नाही. हिशेब करून पाहिला: खांब एक अंश फिरला तर 118 मीटरवर किरण दोन मीटर सरकतो. रिसिव्हरची काच हाताच्या पंजाएवढी.

आठही खांब उपटले. अडीच फूट खड्डे, एक फूट रुंद, तळाला मुरूम, वर 1:2:4 (सिमेंट, कच, खडी) काँक्रीट. चार पोती सिमेंट, कच, खडी मिळून 2,900. दोन गड्यांची दोन दिवसांची मजुरी दुसऱ्यांदा. आणि सात दिवस थांबणं, कारण ओल्या काँक्रीटवर सेन्सर चढवायची माझी आता हिंमत नाही. कुणी हे काम करणार असेल तर पहिल्या दिवशीच काँक्रीट करा. मुरमाडावरसुद्धा.

21 ऑक्टोबर

थांबण्याच्या दिवसांत वायर ओढली. पंपापासून विहिरीपर्यंत आणि पंपापासून चिंचेपर्यंत सहा तारांची केबल, 0.5 स्क्वेअर मिलिमीटर. विहिरीपासून पुढं ओढ्यापर्यंत दोन तारांची, कारण तिथं दोन्ही ट्रान्समीटर आहेत आणि त्यांना नुसती पॉवर लागते. कोपऱ्यांची मांडणी अशी: विहिरीला दोन रिसिव्हर, पंपाला दोन ट्रान्समीटर, चिंचेला दोन रिसिव्हर, ओढ्याला दोन ट्रान्समीटर. एकाचा किरण दुसऱ्याच्या रिसिव्हरला लागू नये म्हणून. शिवाय आतल्या स्विचांवर चारी बाजूंना वेगवेगळे चॅनल दिलेत.

केबल जुन्या ठिबकच्या लॅटरलमधून नेली. फुकटात मिळत होती. तिला दर दोन फुटांवर ड्रिपरची भोकं, हे दिसत असूनही मातीत गाडली. दोन दिवसांनी उकरून पाहिलं तर आत पाणी आणि गाळ. सगळी काढून साधी, बिनभोकाची 25 मिलिमीटरची काळी पाइप टाकली, 3,900 रुपये. घुशींपासूनही तीच वाचवते.

25 ऑक्टोबर

आज पहिल्यांदा किरण जुळवले. हे काम सविस्तर लिहितो, कारण माझी सगळ्यांत मोठी चूक इथं झाली.

सेन्सरच्या आत एक छोटी खिडकी असते, तिच्यात तिरका आरसा. बाजूनं डोळा लावला की समोरचा खांब दिसतो. 118 मीटरवरचा करडा डबा उन्हात, डाळिंबाच्या पानांमागं, अजिबात सापडेना. म्हणून संध्याकाळ होऊ दिली. धाकटा भाऊ समोरच्या डब्याला मोबाईलचा टॉर्च चिकटवून उभा राहिला. तो ठिपका खिडकीच्या मधोमध आणला. मग त्यानं तेच माझ्या टॉर्चकडे बघून केलं. रिसिव्हरवरचा लाल दिवा विझला. दिवा विझला म्हणजे किरण पोचला, असं समजून आम्ही चारही बाजू दोन तासांत उरकल्या आणि जेवायला गेलो.

26 ऑक्टोबर

पहाटे वारा सुटला आणि उत्तरेचा दिवा लुकलुकायला लागला. पुस्तिका नीट वाचली. रिसिव्हरमध्ये मल्टीमीटरच्या पिना घालायला दोन भोकं आहेत. तिथं जितका व्होल्टेज जास्त तितका किरण नेमका. आमच्या मॉडेलला 2 व्होल्टच्या वर पाहिजे. मोजलं: उत्तर 0.9, दक्षिण 1.3, पूर्व 1.6, पश्चिम 1.1. म्हणजे चारही बाजूंना किरणाची नुसती कड लागत होती. लाल दिवा कडेवरसुद्धा विझतो.

आज पूर्ण दिवस घालून परत जुळवलं. पद्धत अशी बसली: आधी रिसिव्हर. मीटर लावून भिंग डावीकडं फिरवत जायचं, आकडा पडायला लागतो ती जागा ध्यानात ठेवायची. मग उजवीकडं, तिथली जागा. दोन्हींच्या मधोमध आणून सोडायचं. नुसता सर्वांत मोठा आकडा शोधला तर कधी कधी कडेचंच टेकाड सापडतं आणि आपण फसतो. उभ्या दिशेला हेच, फक्त तिथं स्क्रू आहे, अर्धा फेरा म्हणजेसुद्धा फार. मग समोर जाऊन ट्रान्समीटरला तेच, आणि इकडं भाऊ फोनवर आकडे वाचतोय: एक सात, एक नऊ, दोन एक, दोन चार, थांब, दोन दोन, मागं घे. मग पुन्हा रिसिव्हर. एका बाजूला सव्वा ते दीड तास लागला.

शेवटी दोन्ही किरण वेगवेगळे तपासायचे. आधी वरचं भिंग पुठ्ठ्यानं झाकायचं, मग खालचं. एकच झाकल्यावर सायरन वाजला तर दुसरा किरण पोचतच नाही असं समजायचं. पश्चिमेला हेच निघालं, खालचा किरण गवतात होता. विळ्यानं गवत काढलं. कव्हर लावून, स्क्रू आवळून पुन्हा मोजलं, कारण आवळताना भिंग हलतं: उत्तर 2.6, दक्षिण 2.5, पूर्व 2.9, पश्चिम 2.8. पांढरी पातळ पॉलिथिन पिशवी रिसिव्हरसमोर धरली, तरी दिवा लागला नाही. धुक्यासाठी इतकी शिल्लक बरी.

29 ऑक्टोबर

दोन रात्री ठीक गेल्या, तिसऱ्या रात्री लाईट गेल्यावर अर्ध्या तासात सायरन. लाईट आली की बंद. ओढ्याकडं जाऊन मीटर लावला. चार्जर चालू असताना तिथं 11.7 व्होल्ट. चार्जर बंद करून बघितलं: बॅटरीवर 12.1, ओढ्यावर 10.2. सेन्सरला कमीत कमी 10.5 लागतात. 220 मीटर बारीक तारेनं जवळजवळ दोन व्होल्ट खाल्ले. दिवसा जुळवणी करताना हे दिसणारच नव्हतं, कारण लाईट असते तेव्हा चार्जर 13.6 देतो.

पॉवरसाठी वेगळी 1.5 स्क्वेअरची दोन तारांची केबल, 235 मीटर, 10,810 रुपये. सगळ्या कामातली सगळ्यांत महाग दुरुस्ती. लाईट घालवून मोजलं, ओढ्यावर 11.5. चिंचेकडं अंतर कमी आणि तिथं फक्त रिसिव्हर, तिकडं बारीक तार चालते. जुनी बारीक केबल काढायला वेळ नव्हता, पाइपातच राहू दिली.

याच दिवशी आणखी एक गोष्ट. गवत कापताना गड्याच्या हातून दक्षिणेची केबल तुटली आणि पॅनल गप्प. मी रिलेच्या (रिसिव्हरमधल्या अलार्म देणाऱ्या स्विचच्या) कॉमन आणि एनओ (एरवी उघडा, अलार्मला जुळणारा) वर तारा लावल्या होत्या, त्यात तार तुटली तर काहीच कळत नाही. आता कॉमन आणि एनसी (एरवी जुळलेला, अलार्मला उघडणारा), आणि डब्याचं कव्हर काढल्यावर उघडणारा स्विचही त्याच ओळीत. तार कापा, कव्हर उघडा, पॉवर घालवा, सायरन वाजणारच.

10 नोव्हेंबर

दिवाळीपासून आजपर्यंत सायरन खूप वेळा वाजला. परवा एका रात्रीत 11 वेळा. चारही बाजू मी पॅनलला एकाच झोनमध्ये (एकाच जोडणीवर) ओवल्या आहेत, त्यामुळं कुठली बाजू हे कळत नाही. दर वेळी बॅटरी घेऊन पूर्ण बागेला फेरी, आणि काही नाही. आबा पहिल्या चार वेळा माझ्याबरोबर आले. नंतर म्हणाले, "ही रोजच बोंबलतीया. कोण उठतंय आता?" मलाही उत्तर देता आलं नाही.

13 नोव्हेंबर

काल कार्तिकी एकादशी. वस्तीवरची बरीच माणसं पंढरपूरला गेली होती. आबांनी तीन दिवसांपूर्वी सायरनची तार काढून ठेवलेली, मला सांगून. मी लाव म्हणालो नाही, कारण मलाही झोप हवी होती.

सकाळी उत्तरेच्या बांधावर नऊ झाडं मोकळी. देठ कात्रीनं कापलेले. अंदाजे 180 किलो, म्हणजे नऊ कॅरेट. पंपाच्या खोलीत जाऊन पॅनल बघितला तर अलार्मचा दिवा लागलेला होता. सेन्सरनं त्याचं काम केलं होतं. आबा काही बोलले नाहीत. त्या झाडांना पाणी सोडून आले आणि दिवसभर ओट्यावर बसून राहिले.

आज ठरवलं की खोट्या अलार्मचं एकेक कारण सापडेपर्यंत दुसरं कुठलंही काम हातात घ्यायचं नाही.

14 नोव्हेंबर

चार बाजू चार झोनवर घेतल्या. दोन तासांचं काम, हे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. पंपाच्या खोलीत वही टांगली: वेळ, बाजू, वारा, जाऊन काय दिसलं.

16 नोव्हेंबर

वहीनं दोन दिवसांत दोन कारणं दिली.

एक, पश्चिम बाजू, फक्त वाऱ्यात. रानडुकरांसाठी त्या बांधाला आईच्या जुन्या साड्या बांधल्यात. त्यातल्या एकीची गाठ सुटली होती आणि वारा आला की पदर फडकून बरोबर किरणांवर यायचा. दोन्ही किरण एकदम झाकायला हातभर कापड पुरतं. साड्या दीड फूट आत घेऊन खाली-वर दोन्हीकडं बांधल्या. त्याच बाजूचे शेवग्याचे दोन फाटेही काढले.

दोन, उत्तर बाजू, रोज संध्याकाळी 5:40 ते 5:55. यात वारा नाही, माणूस नाही. तिसऱ्या दिवशी रिसिव्हरपाशी जाऊन उभा राहिलो आणि सूर्य थेट डोळ्यांत आला. आमचा उत्तर बांध सरळ पूर्व-पश्चिम नाही, पश्चिमेचं टोक नैऋत्येकडं साधारण 16 अंश कललंय. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य नेमका त्या रेषेत मावळतो. विहिरीकडचा रिसिव्हर पश्चिमेला तोंड करून बसलेला. टॉवेलची सावली धरली, अलार्म गेला. टॉवेल काढला, परत वाजला.

सोपा उपाय म्हणजे सहा वाजल्यानंतर सिस्टिम चालू करणं. पण गडी पाचला जातात, आणि दिवेलागणीला बागेत कुणीच नसतं. तो तास मला मोकळा ठेवायचा नाही.

17 नोव्हेंबर

उत्तरेचा ट्रान्समीटर आणि रिसिव्हर यांची अदलाबदल केली. रिसिव्हर आता ओढ्याकडं, तोंड पूर्वेला. तिकडून सूर्य त्या रेषेत मेच्या सुरुवातीला आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात उगवेल, तेव्हा मृगाचं पिकलेलं फळ बागेत नसतं. रिसिव्हर ओढ्यावर गेला म्हणजे तिथून सिग्नलच्या दोन तारा हव्यात. काढायची राहून गेलेली जुनी बारीक केबल तिथं पाइपातच होती, ती लागली. पुढं विहिरीपासून पंपापर्यंत सहा तारांतल्या दोन मोकळ्या झाल्याच होत्या. कोपऱ्यांची आधीची मांडणी मोडली, पण चॅनल वेगळे असल्यामुळं त्रास नाही. एकेक ट्रान्समीटर झाकून तपासलं. जुळवणीनंतर 2.7.

किरण तुटल्यावर किती वेळानं अलार्म द्यायचा, तोही बदलला. कारखान्यातून 50 मिलिसेकंदांवर येतो. काटेरी तार ओलांडून कुणी पळत येत नाही. माणूस चालत आडवा गेला तर त्याचं अंग पाव सेकंदाहून जास्त वेळ आड येतं. 150 वर ठेवलं. भावाला चारही बाजूंनी आत यायला लावलं: चालत, वाकून, कॅरेट घेऊन. सगळीकडं वाजला, फक्त पश्चिमेला मधोमध नाही. तिथं पाण्याची चारी आहे, जमीन 70 सेंटिमीटर खाली. किरण सरळ जातो, म्हणून तिथं तो जमिनीपासून दीड मीटरवर. भाऊ वाकून आरामात आत आला. दोन टोकांना उभं राहून ही चारी दिसतच नाही. तात्पुरत्या बाभळीच्या काटेरी फांद्या भरल्यात. पुढच्या हंगामात तिथं 20-30 मीटरची वेगळी जोडी, खाली बसवलेली.

18 नोव्हेंबर

सायरनची तार आबांच्या हातानं लावून घेतली. त्यांना वही दाखवली. म्हणाले, "बघू चार दिवस."

26 नोव्हेंबर

आठ रात्रींत दोनच अलार्म, दोन्ही वेळा गडी उशिरा परतत होता. आज दक्षिणेचा व्होल्टेज 2.5 वरून 1.7 वर आलेला. कव्हर बघितलं तर निळसर-पांढरा थर. शेजारच्या बागेला आंबे बहारासाठी (पुढच्या फुलोऱ्यासाठी) ताण दिलाय, म्हणजे पाणी तोडलंय, त्यांनी तेल्या रोगासाठी बोर्डो मारलं आणि वाऱ्यानं चुन्या-मोरचुदाचे थेंब आमच्या डब्यांवर वाळले. कोरड्या फडक्यानं घासलं तर कव्हरवर ओरखडे येतात. एका डब्याला मी आणलेच. ओल्या कापडानं दोनदा पुसायचं. पुन्हा 2.5. शेजाऱ्यांशी बोललो, फवारणीच्या आदल्या दिवशी फोन करणार आहेत, त्या दिवशी डब्यांवर पिशव्या.

4 डिसेंबर

थंडी वाढली, पहाटे कव्हरवर दव. व्होल्टेज 2 च्या खाली जात नाही. कोळ्यांनी मात्र दोन डब्यांसमोर जाळी विणली होती, दवाचे थेंब धरलेली. दर शनिवारी फेरी ठरवली: फडकं, विळा, मीटर. अर्धा तास. आकडे वहीत.

खर्च: सेन्सर 14,600. योग्य पाइप 4,650. काँक्रीट 2,900. पहिली केबल 7,955, दुसरी 10,810. काळी पाइप 3,900. मोबाईलवर फोन लावणारा पॅनल 5,500, सायरन 650, बॅटरी आणि चार्जर 4,100. एकूण 55,065, मजुरी सोडून. चुकीच्या पाइपाचे 5,500 वेगळे. नऊ कॅरेट डाळिंबं वेगळी.

12 डिसेंबर

रात्री 2:20. झोन तीन, पश्चिम. मी चप्पल शोधेपर्यंत आबा बॅटरी घेऊन अंगणात उतरले होते. "पश्चिमच हाय ना?" एवढंच विचारलं. चारीपाशी बाभळीच्या फांद्या बाजूला सरलेल्या, ओल्या मातीत रानडुकरांचे खूर, मोठ्याचे आणि दोन लहान. तारेचा खालचा पदर वाकलाय. वहीत वेळ आबांनी लिहिली. सकाळी तार ओढायची आणि फांद्या दुप्पट भरायच्या. सोमवारी फळांचा तोडा.